मेंढ्याचा ठसा

डावरीने थाळी उलटी केली, खिडकीपाशी नेली आणि डोळ्याला भिंग लावलं. कडेपासून थोडं आत मेंढ्याचं डोकं उमटलं होतं. वळलेली शिंगं, खाली दोन अक्षरं. उजव्या शिंगाचं टोक तुटकं होतं, आणि ते तसंच असायला हवं होतं. अडीचशे वर्षांपूर्वीच्या त्या कारागिराच्या शिक्क्याचा तेवढा टवका त्याच्या हयातीतच उडाला होता. या धंद्यात सगळे त्याला मेंढेवाला म्हणत. त्याच्या हातची एखादी थाळी कधीतरी बाजारात येई. इथे टेबलावर सहा होत्या.

"मग, छापायला देऊ ना कॅटलॉग?" लिलावघराचे मालक दारातूनच म्हणाले. ते कधी खोलीच्या आत येत नसत. त्यांना सगळं दारात उभ्या उभ्याच हवं असे.

"अजून समोरची बाजू पाहिली नाही."

"ठसा मागे असतो ना, बाई?"

"ठसा मागे असतो. माणसं पुढच्या बाजूला जेवतात."

मालक हसले आणि गेले. लिलावाआधीच्या पाहणीचा दिवस जवळ आला होता आणि या सहा थाळ्यांसाठी लांबलांबून फोन येत होते.

जुनी धातूची भांडी पारखायची, त्यांचं वय आणि मोल ठरवायचं, हे डावरीचं काम. त्यातही कथलाच्या भांड्यांत तिचा शब्द शेवटचा. कथलात थोडं तांबं आणि आणखी एकदोन धातू मिसळून केलेल्या या भांड्यांना बाजारात प्यूटर म्हणतात, पण तिच्या घरात सगळे नुसतं कथीलच म्हणत. तिचे वडील आणि काका दोघे भाऊ मिळून ही भांडी ओतायचे, लेथवर कातायचे, जुनी दुरुस्त करायचे. कुणी विचारलं काय करता, की वडील म्हणायचे, "नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा म्हणतात ना? तो वाळा आमच्याकडे बनतो." वडील ती लहान असतानाच गेले. पुढे काकांनी तिला वाढवलं, आणि शाळेतून आली की लेथशेजारी बसवून धातू वाचायला शिकवलं. झीज कुठे असते, कुठे नसते, कुठे असायलाच हवी. डावरी हे नावही त्यांनीच ठेवलेलं. डाव्या हाताची पोर म्हणून.

तिने थाळी सुलटी केली.

घडवणारा आधी ठसा मारतो. मग थाळी कुणाच्या तरी घरी जाते, मग तिच्यावर सुऱ्या चालतात. म्हणजे सुरीचे ओरखडे नेहमी ठशाहून धाकटे. या थाळीवर ओरखडे भरपूर होते आणि अगदी खरे होते, वर्षानुवर्षांच्या जेवणांचे. पण ठशाच्या बरोबर पलीकडे, पुढच्या बाजूला, ते चेपले होते. त्यांच्या कडा बसल्या होत्या. कुणीतरी वापरलेली थाळी ऐरणीवर पालथी घातली होती आणि वरून शिक्का ठेवून हातोडा मारला होता. तिने पुन्हा मागची बाजू पाहिली. फडताळावर घासून पडलेल्या बारीक रेघा ठशावरून जायला हव्या होत्या. त्या ठशाच्या तळाशी गेल्या होत्या. मेंढ्याच्या डोक्याने त्यांना आत दाबलं होतं.

दुसरी थाळी तशीच. तिसरी तशीच. तिला राग आला, पण तो धंद्यातला राग होता, रोजचा. खोट्या वस्तू येतच असतात.

सहावी थाळी हातात घेतली तेव्हा तिला आधी काही कळलं नाही, फक्त हात थांबला. या थाळीवरचे ओरखडे उलट्या बाजूला कलले होते. सुरी डाव्या हातात धरून कुणीतरी वर्षानुवर्षं जेवलं होतं. आणि कडेवर, एका ओळीत, बारीक ठिपके होते. काट्याच्या टोकांचे. जेवण वाढायला उशीर झाला की एक मुलगी काटा कडेवर टोचत बसायची आणि तिची आई म्हणायची, "थाळीला गोवर आणू नकोस गं."

डावरी खुर्चीवर बसली.

वडिलांनी त्या थाळ्या आजोबांच्या जुन्या साच्यातून घरासाठी ओतल्या होत्या. घरचं काम म्हणून त्यांवर ठसा मारला नव्हता. साचा जुना, म्हणून आकार जुना. झीज खरी, कारण ती त्यांच्याच घराची होती. आई गेल्यावर डावरीने काकांकडे फक्त त्या थाळ्या मागितल्या होत्या. काका म्हणाले होते, "दुकानात धातू कमी पडला गं. वितळवल्या." ती तेव्हा त्यांच्यासमोरच रडली होती आणि नंतर तिनेच काकांची समजूत घातली होती, की जाऊ द्या, वस्तूच ती.

तिने सहावी थाळी पिशवीत घातली आणि मालकांना न सांगता बाहेर पडली.

काकांचं दुकान म्हणजे रस्त्याला लागून एक लांबट खोली. पुढे विक्रीचं फडताळ, मागे लेथ आणि भट्टी, वर राहती जागा. चुलतभाऊ, ज्याला ती दादा म्हणायची, गल्ल्यापाशी फोनवर बोलत होता. काका मागे स्टुलावर बसून एका समईसारख्या उंच दिव्याचा पाय घासत होते. त्यांची नजर आता अधू झाली होती, पण अंगठा सगळं पाहत होता.

डावरीने थाळी त्यांच्या मांडीवर ठेवली. काकांनी ती उचललीसुद्धा नाही. अंगठा कडेवरून फिरला, ठिपक्यांवर आला आणि थांबला.

"वितळवल्या होत्या ना?" ती म्हणाली.

थाळी उलटी करून त्यांनी ठशावर बोट फिरवलं, मग पुन्हा सुलटी करून चेपलेल्या जागेवर. आणि त्यांचा चेहरा लाल झाला. डावरीला वाटलं, लाज. पण ते दुकानाच्या पुढच्या भागाकडे वळून ओरडले, "अरे गाढवा, इकडे ये."

दादा आला. थाळी पाहिली, डावरीला पाहिलं, आणि फोन खिशात ठेवला.

"हे तू मारलंस? वापरलेल्या थाळीवर? खाली कातडंसुद्धा न ठेवता?" काकांचा आवाज थरथरत होता. "ओरखडे चेपलेस. शिकाऊ पोरगंसुद्धा असं करणार नाही. माझ्या दुकानातून हा माल बाहेर गेला?"

डावरी बघतच राहिली. "काका, तुम्हाला राग कशाचा आलाय?"

"कशाचा म्हणजे? काम बघ ना हे."

"काम?" तिचे कान गरम झाले होते. "माझ्या आईच्या थाळ्या आहेत या. तुम्ही मला तोंडावर खोटं सांगितलंत. त्यांवर मेल्या माणसाचं नाव ठोकून तुमच्या मुलाने विकायला काढल्या, आणि तुम्ही कातडं ठेवलं नाही म्हणून रागावताय?"

"मी नव्हतं सांगितलं याला ठोकायला. मी नुसत्या ठेवून दिल्या होत्या. मोडवेना."

"मग मला का नाही दिल्यात?"

काका थाळीकडे बघत राहिले. "तुझ्या बापाचा हात माझ्यापेक्षा चांगला होता," ते शेवटी म्हणाले. "त्याचं काम आणखी कुठे उरलेलं नाही. मला हवं होतं समोर."

हे उत्तर खरं असावं, आणि म्हणूनच तिला ते आणखी सहन झालं नाही. ती दादाकडे वळली. "आणि माझी थाळी? ती तरी वगळायचीस. ओरखडे उलटे आहेत, तुला दिसले नाहीत?"

"दिसले. सहाचा संच लागतो. पाचांना कोण विचारतं?" दादा शांतपणे म्हणाला. "आणि तू एवढी अंगावर येऊ नकोस. मागच्या वर्षी तूच आमचा माल पास केलास तेव्हा बरं चाललं."

मागे लेथचा पट्टा मोकळाच फिरत होता.

"कुठला माल?"

दादाच्या लक्षात आलं की बोलायला नको होतं. पण काकांना राहवलं नाही. इतका वेळ लाल असलेला त्यांचा चेहरा निवळला, आणि त्यावर जे आलं ते पाहून डावरीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तो अभिमान होता.

"झाकणाचा पेला," काका म्हणाले. "मेंढेवाल्याचा. तू त्यात एकही चूक काढली नाहीस."

तिला तो पेला चांगलाच आठवत होता. तो हातात घेऊन ती सबंध दुपार बसली होती. आतली पुटं, मुठीच्या आतला काळेपणा, बिजागरीची झीज. त्यावर तिने स्वतःच्या सहीने लिहून दिलं होतं, अस्सल.

"तुझं पहिलं बोट कुठे जातं ते मला ठाऊक आहे," काका म्हणाले. "मुठीच्या आत, वरच्या वळणात. मीच लावलीये ती सवय. म्हणून मी तिथूनच सुरुवात केली."

डावरीने थाळी त्यांच्या मांडीवरून ओढून घेतली. जिन्यावर काकू उभी होती. आवाज ऐकून खाली आली असावी. "अगं, बस तरी, पाणी तरी घे," ती म्हणाली. "घरातलं आहे, घरात मिटवू."

"काकू, तुला माहीत होतं?"

काकूने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि वर निघून गेली. डावरी बाहेर पडली तेव्हा तिच्या मागे काका दादाला सांगत होते की शिक्का मारताना थाळी कशी धरायची असते.

मालकांनी थाळ्यांचं ऐकून घेतलं. चेपलेले ओरखडे भिंगातून दाखवल्यावर ते पहिल्यांदा खोलीच्या आत आले, दार लावून घेतलं आणि म्हणाले, "ठीक. विक्रीतून काढून टाकू. बोभाटा नको."

"पेल्याचं काय?"

"पेल्याचं काय? तो विकला गेला. तुम्ही अस्सल म्हणालात."

"तो खोटा आहे. माझ्या काकांनी घडवलाय."

"दाखवा."

ती दाखवू शकत नव्हती. तीच तर अडचण होती. पेल्यावर ठसा आधी होता आणि झीज नंतर, जशी असायला हवी तशी. धातू तपासायला दिला असता तरी उपयोग नव्हता. काकांकडे मोडक्या जुन्या भांड्यांचं पोतं होतं, आणि नवं कथील त्यांनी अशा कामाला कशाला वापरलं असतं? ओतकाम मेंढेवाल्याच्या काळातल्या धातूचंच असणार. तिच्याजवळ एका म्हाताऱ्याचं बोलणं होतं, तेही घरात झालेलं.

"बाई, एक सांगतो," मालक म्हणाले. "खोटं म्हणायलाही पुरावा लागतो. तुम्हीच खरा म्हणायचं आणि तुम्हीच खोटा म्हणायचं, मग लोक आमच्या दारात कशाला येतील? घरचं भांडण आहे, घरी ठेवा."

एकाच दिवसात दुसऱ्यांदा कुणीतरी तिला घर दाखवलं होतं.

पेला एका पियानो शिकवणाऱ्या बाईंनी घेतला होता. मेंढेवाल्याची तीन लहान मापं त्यांच्याकडे आधीपासून होती, दिवंगत नवऱ्याने एकेक करून जमवलेली. झाकणाचा पेला मिळावा अशी त्याची इच्छा राहून गेली होती. डावरी त्यांच्याकडे गेली तेव्हा शिकवणी संपत आली होती आणि आतून तीच चार सुरांची ओळ पुन्हा पुन्हा चुकत होती. शिष्या गेल्यावर पियानोच्या बाईंनी तिला बसवलं आणि तिचं सगळं म्हणणं मध्ये न बोलता ऐकलं. पेला समोर कपाटात होता.

"तेव्हा खरा म्हणालात. आता खोटा म्हणता," त्या म्हणाल्या. "तुमच्यातली खरी कुठली?"

"आत्ताची."

"आणि हे मला कळावं कसं?"

"मालकांकडे तक्रार करा. ते उडवून लावतील. मग व्यापारी संघटनेकडे करा. तिथे चौकशी समिती आहे. मी येईन आणि सांगेन."

"तुम्ही येणारच. तुम्हाला मन हलकं करायचंय." पियानोच्या बाई उठल्या. "माझ्या घरात वर्षभर हा पेला आहे. मी तो पुसते तेव्हा माझ्याशीच बोलते. आता मी काय पुसू, ते सांगा."

डावरी उठली. तिने जिना उतरताना स्वतःला शिव्या दिल्या, मग काकांना दिल्या, मग पुन्हा स्वतःला. पण पियानोच्या बाईंनी तक्रार केली.

चौकशी संघटनेच्या इमारतीत झाली. लांब टेबल, उघड्या खिडक्या, खाली मालमोटारींतून माल उतरवण्याचा आवाज. समितीत तिघं होते आणि अध्यक्ष एक निवृत्त न्यायाधीश, करड्या केसांच्या, हातात पेन्सिल. एका बाजूला मालक आणि त्यांचा वकील. दुसऱ्या बाजूला दादा आणि काका. काकांनी ठेवणीतला कोट घातला होता. मध्ये टेबलावर कापडावर पेला आणि सहा थाळ्या.

थाळ्यांचं लवकर आटोपलं. ओरखडे सगळ्यांनी पाहिले. दादाने सांगितलं की थाळ्या त्याला एका फिरत्या दलालाने आणून दिल्या, दलालाचं नाव माहीत नाही, तोही फसला. चुलत बहीण म्हणते की त्या तिच्या आईच्या, पण भावनेच्या भरात माणसाला कशातही आई दिसते. हे तो इतक्या सहानुभूतीने म्हणाला, की समितीतल्या एकाने मान हलवली. डावरीच्या हाताची मूठ टेबलाखाली आवळली.

"पेलाही त्याच दलालाकडून?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"हो. आणि पेला अस्सल आहे. ही स्वतःच म्हणाली होती."

अध्यक्षबाई डावरीकडे वळल्या. "तुमचं म्हणणं, पेला नवा आहे. कसा ओळखायचा?"

ती उभी राहिली. आदल्या कितीतरी दिवसांत ती या प्रश्नाचंच उत्तर शोधत होती. सापडलं नव्हतं. पेल्यात चूक नव्हती. पण समोर तीन खुर्च्या पलीकडे काका बसले होते, कान टवकारून, आपल्या कामाबद्दल लोक काय बोलतात ते ऐकायला. आणि डावरीला एवढ्या वर्षांत कळलं होतं की या माणसाला चोर म्हटलेलं चालतं, खोटारडा म्हटलेलं चालतं. एकच गोष्ट चालत नाही.

तिने पेला उचलला.

"काम तसं कच्चंच आहे," ती म्हणाली. "माझ्या तेव्हा लक्षात आलं नाही, कारण मी घाईत होते. घडवणाऱ्याने घाई केली आहे. मुठीच्या आतला हा काळेपणा ॲसिडने आणलेला आहे. कुठल्याही दुकानात मिळतं तसं. ब्रशने लावलं आणि धुतलं. आणि झाकणाची झीज कानशीने केली आहे, वरून पॉलिशच्या चाकाने. दोन दिवसांचं काम."

"चूक," काका म्हणाले.

दादाने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"तुम्हाला बोलायची संधी मिळेल," अध्यक्षबाई म्हणाल्या. "बाई, पुढे."

"बिजागरीही तशीच. खिळा ढिला दिसावा म्हणून पकडीने हलवलाय. शिकाऊ माणसाचं काम वाटतं मला."

काका उठून उभे राहिले. दादा त्यांचा कोट ओढत होता. "बाबा, बसा."

"ॲसिड?" काका म्हणाले. "मी आयुष्यात ॲसिडला हात लावला नाही. ॲसिडने खड्डे पडतात ते सगळे एका खोलीचे. आंधळ्यालाही कळतील. हा काळेपणा बघा, याला पापुद्रे आहेत, एकाखाली एक. हा जुन्या लाकडाच्या ओल्या भुशात येतो. पेटीत पुरायचा, काढायचा, वाळवायचा, पुन्हा पुरायचा. त्याला धीर लागतो. आणि कानस? कानशीची रेघ सरळ जाते. माणसाचा अंगठा सरळ जात नाही. हे झाकण मी..."

इथे ते थांबले. त्यांनी डावरीकडे पाहिलं. अधू डोळ्यांनी तिचा चेहरा त्यांना किती दिसला कोण जाणे, पण त्यांना कळलं. तिने काय केलं ते त्यांना अगदी पुरतं कळलं. दादा दात आवळून म्हणाला, "बाबा, एक शब्द बोलू नका."

खाली रस्त्यावर कुणीतरी लोखंडी फळी आपटली. डावरी हलली नाही.

"हे झाकण मी रोज उघडलंय," काका म्हणाले. "सकाळसंध्याकाळ या पेल्यातून पाणी प्यायलो. दोन हिवाळे. बिजागरीचा खिळा मी कशाला हलवू? तो माझ्या हाताने ढिला झालाय. पाणी पिऊन झालं की भिंतीतल्या खिळ्याला टांगायचो, म्हणून मुठीला वरून घासपट्टी आहे. ती तिने तुम्हाला दाखवली नाही. तिला दिसत नाही असं नाही. तिला दिसतं." ते अध्यक्षबाईंकडे वळले. "कच्चं काम म्हणे. तुमच्यापैकी कुणी काढून दाखवा याच्यात चूक."

"म्हणजे हा पेला तुम्ही घडवलात?"

"नाहीतर कोणी? याने?" काकांनी दादाकडे बोट केलं. "याला थाळी धरता येत नाही."

दादा उठला, खुर्ची मागे पडली, ती न उचलताच निघून गेला. मालकांच्या वकिलाने कागद आवरायला घेतले. पियानोच्या बाई इतका वेळ मागे बसल्या होत्या. त्या पुढे आल्या, पेला हातात घेतला, झाकण अंगठ्याने उघडलं, मिटलं आणि काकांसमोर ठेवला. काकांनी मान खाली घातली. सबंध दिवसात एकदाच.

निकाल पुढे लागायचा तो लागला. पियानोच्या बाईंना लिलावघराने पैसे परत केले, दादाचं नाव संघटनेतून काढलं गेलं, काकांचं वय पाहून त्यांना समज देऊन सोडलं. मालकांनी डावरीला कळवलं की आपले मार्ग वेगळे झालेले बरे. तिने ते फोनवर ऐकलं आणि "बरं" म्हणाली. थाळ्या तिला मिळाल्या. पण हे सगळं नंतरचं.

त्या दिवशी खोली रिकामी झाली तेव्हा काका जिन्याच्या तोंडाशी एकटे उभे होते. दादा गाडी घेऊन गेला होता. जिना अंधारा होता आणि ते पायाने पायरी चाचपत होते. डावरी त्यांच्या शेजारी गेली आणि कोपर पुढे केलं. त्यांनी धरलं. दोघं एकेक पायरी उतरू लागले.

"ॲसिड," काका पहिल्या वळणावर म्हणाले. "तो शब्द तोंडातून काढताना तुला काही वाटलं नाही?"

"वाटलं."

"सगळ्यांसमोर."

"थाळ्या वितळवल्या म्हणालात, तेव्हा तुम्हाला वाटलं होतं? मी तुमच्यासमोर रडत होते. तुम्ही माझे डोळे पुसलेत, काका. तुमच्या त्या काळ्या हातांनी. कपाटात थाळ्या होत्या आणि तुम्ही माझे डोळे पुसत होता."

काकांचं बोट तिच्या कोपरात रुतलं.

"तुझ्यासाठीच केला होता तो पेला," ते पुढच्या वळणावर म्हणाले. "विकायचं दादाने काढलं. मला फक्त बघायचं होतं, तुला कळतं का."

"मला विचारायचं होतंत. समोर ठेवायचा होतात आणि म्हणायचं होतंत, ओळख. मी दिवसभर बसले असते. हरले असते आणि तुमच्या पाया पडले असते."

"मग त्यात काय मजा."

तिने कोपर सोडवून घेतलं. जिना संपला होता, नाहीतर काय झालं असतं ते तिला स्वतःलाच सांगता आलं नसतं. रस्त्यावर ऊन होतं. तिने हात करून एक गाडी थांबवली, मागचं दार उघडलं, काकांचं डोकं दाराला लागू नये म्हणून वर हात धरला आणि चालकाला दुकानाचा पत्ता सांगितला. काका आत सरकले, तिच्यासाठी जागा करून. कोटाची टोकंही त्यांनी आवरून घेतली.

डावरीने दार बाहेरून लावलं.

गाडी लगेच हलली नाही. काका चालकाला काहीतरी सांगत होते, बहुधा थांब म्हणून. तिने वळून पाहिलं नाही. उलट्या दिशेने, मालमोटारींच्या मधून, ती चालत सुटली. वाटेत एका ओळखीच्या दुकानदाराने हाक मारली तीही तिने ऐकून न ऐकल्यासारखी केली. घरी पोचेपर्यंत तिचा जबडा दुखायला लागला होता.